शुश्रूषेचें मानचिन्ह

सैनिकांच्या छातीवरील पदकांकडे आपण सर्वजण कौतुकानें पाहतों. परंतु त्यांपैकीं कोणतें पदक कशासाठीं मिळालें हें सांगणारा विरळा. मी आयुष्याचीं चौतीस वर्षें शाळेंत शिकविण्यांत घालविलीं. पानिपतापासून वॉटर्लूपर्यंतच्या लढाया मुलांकडून घोकून घेतल्या. कोण जिंकला, कोण हरला, तहांत कोणतीं कलमें पडलीं, हें सारें फळ्यावर लिहिलें. लढाई संपल्यावर मैदानांत विव्हळत पडलेल्या माणसांचें पुढें काय झालें, हा प्रश्न मात्र मला कधीं सुचला नाहीं, आणि खरें सांगायचें तर कोण्या मुलानेंही तो विचारला नाहीं. पाठ्यपुस्तकांतला धडा तहानें संपे, आणि आम्हीही तेथेंच घंटेची वाट पाहत बसूं. पुढें उतारवयांत माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीमुळें या विषयाकडे माझें लक्ष वळलें. ती हकीकत ओघानें येईलच. आज मी आपणांस सांगणार आहें तें एका लहानशा क्रूसाविषयीं, आणि लष्करांतल्या परिचारिकेचें काम मोजावयास सरकारांनीं वेळोवेळीं जीं मापें वापरलीं त्यांविषयीं.

क्रिमियाचें युद्ध चालू असतां, १८५४ सालीं, फ्लॉरेन्स नाइटिंगेल या अडतीस परिचारिकांना घेऊन तुर्कस्तानांत स्कुटारी येथील लष्करी इस्पितळांत दाखल झाल्या. हातांत दिवा घेतलेली त्यांची मूर्ति चित्रांतून आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. त्या दिव्यामागचें काम मात्र चित्रास येण्याजोगें नव्हतें. चादरी व सदरे धुवून घेण्याची व्यवस्था लावणें, पथ्याच्या जेवणासाठीं निराळें स्वयंपाकघर चालविणें, कोठारावरच्या कारकुनांशीं हुज्जत घालून सामान बाहेर काढणें, आणि रोज किती माणसें कशानें मेलीं याचा हिशेब ठेवणें, असें तें काम होतें. त्या युद्धांत शत्रूच्या गोळीनें जितके शिपाई मेले, त्यांहून कितीतरी अधिक ताप, पटकी आणि अतिसार यांनीं नेले. नाइटिंगेलबाईंनीं तो हिशेब पुढें आंकडे व आकृति यांच्या रूपानें सरकारपुढें मांडला.

आतां या बाईंचा गौरव कसा झाला तें पाहा. व्हिक्टोरिया राणीच्या मनांत त्यांच्याविषयीं मोठा आदर होता. परंतु स्त्रीला द्यावें असें लष्करी पदकच अस्तित्वांत नव्हतें. तेव्हां राणीनें १८५५ सालीं त्यांना एक रत्नजडित ब्रोच पाठविला. त्याची आकृति राणीचे पति आल्बर्ट यांनीं स्वतः काढून दिली होती. तुर्कस्तानच्या सुलतानानें हिऱ्यांचें कंकण दिलें. म्हणजे दोन्ही दागिनेच! पुरुषानें पराक्रम केला तर त्याला पदक, आणि स्त्रीनें केला तर तिला दागिना, असा तो व्यवहार होता. त्याच युद्धाच्या निमित्तानें, १८५६ सालीं, 'व्हिक्टोरिया क्रॉस' हें शौर्याचें सर्वोच्च पदक निर्माण झालें. तें स्त्रीलाही देतां येईल, असा विचार त्या वेळीं कोणाच्या स्वप्नांतही नव्हता.

याला एक विलक्षण अपवाद घडला, आणि तो आपल्या हिंदुस्थानांत. १८६९ सालीं पेशावर येथें पटकीची मोठी सांथ आली. १०४ क्रमांकाच्या बंगाल फ्यूझिलिअर्स या पलटणींत शिपाई पटापट मरूं लागले. पलटणीच्या कर्नलची पत्नी एलिझाबेथ वेबर हॅरिस ही पलटणीबरोबर राहिली आणि तिनें पटकी झालेल्या शिपायांची शुश्रूषा केली. सांथ ओसरल्यावर पलटणींतील अधिकाऱ्यांनीं राणीची संमति मिळविली आणि व्हिक्टोरिया क्रॉसची सोन्याची प्रतिकृति करवून या बाईला अर्पण केली. खरा क्रूस तोफेच्या कांशाचा असतो, तिचा सोन्याचा. आणि तरीही मान खऱ्याचा नव्हे, प्रतिकृतीचा. १९२० सालीं व्हिक्टोरिया क्रॉसची सनद नव्यानें लिहिली गेली, तेव्हां परिचारिकांचा तींत स्पष्ट उल्लेख झाला. परंतु आजवर एकाही स्त्रीला तें पदक मिळालेलें नाहीं.

केवळ शुश्रूषेसाठीं म्हणून लष्करी मानचिन्ह निघालें तें १८८३ च्या एप्रिल महिन्यांत. त्याचें नांव 'रॉयल रेड क्रॉस'. सोन्याच्या कडांचा, तांबड्या मिन्याचा हा क्रूस. मध्यभागीं राणीची मुद्रा, आणि चार बाहूंपैकीं तिहींवर श्रद्धा, आशा व करुणा या अर्थाचे तीन इंग्रजी शब्द व चौथ्यावर १८८३ हा सन. फीत गडद निळी, दोन्ही कांठ तांबडे. पुरुषांचीं पदकें सरळ फितीला लोंबतात. हा क्रूस मात्र फितीचा फुलासारखा गांठोडा बांधून डाव्या खांद्याजवळ लावावयाचा, अशी पद्धत पडली. प्रारंभीच्या मानकऱ्यांत नाइटिंगेलबाई तर होत्याच. नेटली येथील लष्करी इस्पितळाच्या अधीक्षक मिसेस डीबल, ज्या १८७९ मध्यें झुलू युद्धासाठीं परिचारिका घेऊन आफ्रिकेस गेल्या होत्या, त्याही होत्या. सनदेची भाषा सैल होती. आजारी व जखमी सैनिकांच्या शुश्रूषेसाठीं, किंवा तिची तजवीज करण्यासाठीं, ज्या स्त्रीनें विशेष श्रम घेतले असतील तिला हा क्रूस मिळूं शके. ती शिकलेली परिचारिकाच असली पाहिजे असा निर्बंध नव्हता. त्यामुळें राजघराण्यांतील स्त्रियांनाही तो मिळाला. रात्र रात्र जागणारी आणि निधि जमविणारी यांना एकाच फितींत बांधणें मला स्वतःला रुचत नाहीं. पण सर्वच काळांत मानचिन्हांचें असें होत आलें आहे.

आतां या क्रूसाचा आपल्या मुंबईशीं संबंध कसा आला तें सांगतों. हिंदुस्थानांतील गोऱ्या पलटणींच्या इस्पितळांत १८८८ पर्यंत शिकलेली परिचारिका नव्हती. पलटणींतून नेमून दिलेले शिपाईच रोग्यांची उठबस करीत. विषमज्वराचा त्या वेळीं या पलटणींत मोठा कहर होता, आणि विषमज्वराच्या रोग्याला औषधापेक्षां शुश्रूषाच तारते, हें तेव्हांच्या डॉक्टरांना कळून चुकलें होतें. सेनापति लॉर्ड रॉबर्ट्स आणि त्यांच्या पत्नी यांनीं या गोष्टीचा पाठपुरावा केला. अखेर २१ फेब्रुवारी १८८८ रोजीं दहा शिक्षित परिचारिका मुंबई बंदरांत उतरल्या. त्यांच्या प्रमुख दोन: मिस कॅथरीन ग्रेस लॉख आणि मिस ऑक्सली. अर्ध्या परिचारिका लॉखबाईंबरोबर रावळपिंडीस गेल्या, अर्ध्या ऑक्सलीबाईंबरोबर बंगळुरास. एवढ्या विस्तीर्ण देशाला दहा परिचारिका! पण हिंदुस्थानांतील लष्करी परिचर्येचा आरंभ याच दहा जणींपासून धरतात.

लॉखबाई त्या वेळीं तिशींतल्या होत्या. त्यांनीं येथें काय केलें, हें एका वाक्यांत सांगण्यासारखें नाहीं. रात्रपाळीची रीत बसविली, शिपायांना शुश्रूषेचे धडे दिले, आणि परिचारिकेचें ऐकणें हा आपला अपमान आहे असें मानणाऱ्या मंडळींना हळूहळू वळण लावलें. त्याच वर्षीं सरहद्दीवर काळ्या पर्वताची मोहीम निघाली. तींतील जखमींचें काम त्यांनीं पाहिलें. १८९१ सालीं त्यांना रॉयल रेड क्रॉस मिळाला. १९०४ सालीं त्या वारल्या, आणि पुढच्याच वर्षीं त्यांच्या पत्रांच्या व रोजनिशीच्या आधारें त्यांचें लहानसें चरित्र निघालें.

आणि याच १८९१ सालीं हिंदुस्थानांतील आणखी एका स्त्रीला तोच क्रूस मिळाला. तिचें नांव एथेल ग्रिमवुड. मणिपुरांतील इंग्रज पोलिटिकल एजंटाची ही तरुण पत्नी. मणिपूरच्या राजघराण्यांत गादीवरून कलह माजला होता. सेनापति टिकेंद्रजित यांना पकडण्यासाठीं आसामचे चीफ कमिशनर क्विंटन फौज घेऊन आले, आणि २४ मार्च १८९१ रोजीं राजवाड्यावरचा त्यांचा हल्ला फसला. उलट मणिपुरी तोफांचा मारा रेसिडेन्सीवर सुरू झाला. जखमी तळघरांत आणून ठेवले होते. एथेलबाईनें त्यांना पाणी पाजलें, त्यांच्या जखमा बांधल्या. बोलणें करावयास गेलेले क्विंटन आणि तिचा पति हे किल्ल्यांत मारले गेले. रात्रीं उरलेली मंडळी अंधारांतून काचारच्या वाटेला लागली. त्यांत ही एकटी स्त्री होती. विलायतेंत ही वार्ता पोंचतांच वृत्तपत्रांनीं तिला वीरांगना ठरविलें. क्रूस मिळाला, निवृत्तिवेतन मिळालें, तिनें लिहिलेलें पुस्तकही खपलें. तिच्या शुश्रूषेविषयीं पुढें शंकाही काढल्या गेल्या. तो वाद मी येथें उकरीत नाहीं.

परंतु या प्रसंगाची दुसरी बाजू सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. टिकेंद्रजितांना इंग्रजांनीं १३ ऑगस्ट १८९१ रोजीं इंफाळांत फांशी दिलें. तो दिवस मणिपुरांत आजही हुतात्म्यांच्या स्मरणाचा दिवस म्हणून पाळतात. त्या तोफमाऱ्यांत मणिपुरी घरांतूनही माणसें जखमी झालीं असतील, त्यांच्याही आयाबहिणींनीं पाणी पाजलें असेल. त्यांना क्रूस देणारा कोण होता?

एकाच सालचे हे दोन क्रूस शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. दोन्ही अगदीं सारखे. फीत तीच, शब्द तेच. एक मिळाला तो एका भयंकर रात्रीसाठीं. दुसरा मिळाला तो तीन वर्षांच्या अशा कामासाठीं, ज्यांतली एकही रात्र वृत्तपत्रांत आली नाहीं. लोकांना पहिला क्रूस आठवला, कारण त्याची गोष्ट सांगतां येते. विषमज्वराच्या रोग्याचें अंग दर दोन तासांनीं पुसलें, पथ्य चुकूं दिलें नाहीं, एकविसाव्या दिवशीं तो वांचला, याची गोष्ट कशी सांगावी? जेथें कांहीं घडलें नाहीं, म्हणजे मरण घडलें नाहीं, तेथेंच परिचारिकेचें यश असतें. आणि न घडलेली गोष्ट इतिहासकाराच्या हातीं लागत नाहीं. शौर्याला साक्षीदार असतात. सेवेचा साक्षीदार बहुधा ग्लानींत असतो.

या क्रूसाच्या कथेंत आणखी एक मोठी उणीव आहे, आणि ती आपल्या माणसांची आहे. १८८८ सालीं ज्या परिचारिका आल्या त्या गोऱ्या शिपायांसाठीं. हिंदी शिपायाच्या इस्पितळांत परिचारिका नव्हती. आजारी शिपायाला त्याच्याच कंपनींतला दुसरा शिपाई पाणी देई, अंथरूण घाली. ही पलटणी इस्पितळांची जुनी पद्धत मोडून हिंदी सैनिकांसाठीं नीट मांडलेलीं इस्पितळें निघावयास १९१८ साल उजाडावें लागलें. मध्यंतरीं १९१४ मध्यें आपले शिपाई फ्रान्सांत लढावयास गेले. त्यांच्यांतील जखमींसाठीं इंग्लंडांत ब्रायटनच्या राजवाड्यांत इस्पितळ उघडलें, त्याचीं चित्रें छापून त्याचा मोठा गाजावाजा केला. पण गोऱ्या परिचारिकेनें हिंदी शिपायाची प्रत्यक्ष शुश्रूषा करणें सरकारला पसंत नव्हतें. तिनें फार तर वरून देखरेख करावी, असा दंडक होता. घुमट सोन्याचा आणि उशाशीं परिचारिका नाहीं, असा तो थाट होता.

मेसापोटेमियांत तर घुमटही नव्हता. पुणें डिव्हिजन या नांवानें ओळखली जाणारी सहावी डिव्हिजन तेथें लढत होती, आणि तींत मराठा पलटणी होत्या. १९१५ च्या नोव्हेंबरांत टेसिफोनच्या लढाईनंतर जखमींना उघड्या पडावांवर घालून तैग्रिस नदीनें बसऱ्याकडे आणलें. कित्येकांच्या जखमा वाटेंत कोणी उघडून पाहिल्या नव्हत्या. बसऱ्यास इस्पितळाच्या जहाजावर असलेले मेजर कार्टर या डॉक्टरांनीं तें दृश्य पाहून वरिष्ठांकडे तक्रार केली, आणि बक्षीस म्हणून आधीं धमकी मिळविली. पुढें १९१६ सालीं चौकशी होऊन त्यांचें म्हणणें खरें ठरलें. यानंतर जखमींचा ओघ मुंबईकडे लागला. आपलें प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, ज्याला आज छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणतात, तें तेव्हां नुकतेंच बांधून झालें होतें. तेथें वस्तु मांडण्याआधीं खाटा मांडल्या गेल्या. लेडी हार्डिंज वॉर हॉस्पिटल तें हेंच. १९१६ पासून ऑस्ट्रेलियांतील पांचशेंहून अधिक परिचारिका हिंदुस्थानांत आल्या. मुंबई, पुणें, देवळाली येथील इस्पितळांत त्यांनीं काम केलें, आणि कांहीं जणी येथल्याच मातींत विसावल्या. संग्रहालयाच्या त्या मधल्या दालनांत उभे राहून मूर्ति पाहतांना मला हल्लीं त्या खाटा दिसूं लागतात.

पहिल्या महायुद्धानें परिचारिकांची संख्या इतकी वाढविली कीं एक क्रूस पुरेना. १९१५ सालीं त्याचा दुसरा वर्ग निघाला. तो चांदीचा, आणि त्याचें नांव 'असोशिएट'. १९१७ पासून, आधीं क्रूस मिळालेल्या स्त्रीनें पुन्हां तशीच कामगिरी केली, तर तिच्या फितीवर आडवी पट्टी देऊं लागले. फ्रान्स-बेल्जममध्यें आघाडीच्या अगदीं जवळच्या इस्पितळांत काम केलेल्या केट लुआर्ड यांना अशी पट्टी मिळाली होती. त्यांच्या ब्रांडहुक येथील तळाजवळच १९१७ च्या ऑगस्टांत गोळा पडून नेली स्पिंडलर ही तरुण परिचारिका ठार झाली, आणि हजारों सैनिकांच्या दफनभूमींत तिला लष्करी इतमामानें पुरलें.

याच काळांत एक चमत्कारिक पेंच उभा राहिला. इस्पितळांवर तोफा-बाँब पडूं लागल्यावर परिचारिकांचें धैर्य अगदीं उघड दिसूं लागलें. दीर्घ सेवेचा क्रूस त्याला पुरा पडेना. शौर्याचें पदक हवें होतें. परंतु अधिकाऱ्यांचें 'मिलिटरी क्रॉस' हें पदक सनदी किंवा वॉरंट अधिकाऱ्यालाच मिळे, आणि परिचारिकांना मान अधिकाऱ्यांचा असला तरी सनद कोणाचीच नव्हती. मग १९१६ च्या जूनमध्यें, साध्या शिपायांसाठीं त्याच वर्षीं निघालेलें 'मिलिटरी मेडल' स्त्रियांनाही द्यावें असें ठरलें. बेथ्यून येथील तोफमाऱ्यांत आपल्या रोग्यांपाशीं उभ्या राहिलेल्या मेबल टन्ली यांना तें मिळालें, आणि युद्ध संपेपर्यंत शंभराहून अधिक स्त्रियांना. भोजनाला अधिकाऱ्यांच्या पंगतींत, पदकाला शिपायांच्या रांगेंत, आणि हुकूम देण्याचा प्रश्न आला म्हणजे कोठेंच नाहीं, अशी त्यांची स्थिति होती. पदक देणें सोपें असतें. अधिकार देणें जड जातें.

दुसऱ्या महायुद्धांतील एकच हकीकत सांगतों. सिंगापूर पडण्याच्या बेतांत असतां १२ फेब्रुवारी १९४२ रोजीं पांसष्ट ऑस्ट्रेलियन परिचारिका 'व्हायनर ब्रूक' या जहाजानें निघाल्या. दोन दिवसांनीं जपानी विमानांनीं तें जहाज बुडविलें. बारा जणी समुद्रांत गेल्या. बांका बेटाच्या किनाऱ्याला लागलेल्यांपैकीं बावीस जणींना १६ फेब्रुवारीस जपानी सैनिकांनीं समुद्रांत चालत जावयास सांगितलें आणि मागून गोळ्या घातल्या. एकवीस मेल्या. बाविसावी, व्हिव्हिअन बुलविंकल, कमरेच्या वर गोळी लागूनही जगली. ती पुढें कैदेंत गेली, तेव्हां तिनें ती जखम लपवून ठेवली. कारण या कृत्याचा साक्षीदार जिवंत आहे हें कळलें असतें तर तिच्यासह इतरांचाही जीव गेला असता. कैदेंत पडलेल्या बत्तीस जणींपैकीं आठ जणी तेथेंच मेल्या. चोवीस घरीं परतल्या. बुलविंकलबाईंनीं १९४६ सालीं टोकियोच्या न्यायालयापुढें साक्ष दिली, आणि १९४७ सालीं त्यांना रॉयल रेड क्रॉसचा दुसरा वर्ग मिळाला. त्याच वर्षीं आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसचें फ्लॉरेन्स नाइटिंगेल पदकही मिळालें. हें पदक लष्करी नव्हे. तें १९१२ सालीं निघालें आणि सर्व राष्ट्रांतील परिचारिकांना देतात. चांदीचा क्रूस त्यांना मिळाला तो कोणत्या गोष्टीसाठीं म्हणावयाचा? समुद्रांतल्या त्या क्षणासाठीं, जखम लपविण्यासाठीं, कीं साडेतीन वर्षें कैदेंत सोबतिणींची शुश्रूषा करण्यासाठीं? मला वाटतें, शेवटच्या गोष्टीसाठींच तो सर्वांत शोभतो.

आतां आपल्याकडे वळूं. हिंदी सैनिकांच्या इस्पितळांसाठीं कायमची 'इंडियन मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस' स्थापन झाली ती १९२६ च्या ऑक्टोबरांत. १९४३ च्या वटहुकुमानें तिच्यांतील परिचारिका सनदी अधिकारी झाल्या. म्हणजे दहा जणी मुंबईस उतरल्यापासून त्यांच्या वारसदारांना अधिकाऱ्याची सनद मिळावयास पंचावन्न वर्षें लागलीं. स्वातंत्र्यानंतर राजाची मुद्रा असलेला क्रूस आपल्याकडून गेला, हें योग्यच झालें. त्याच्या जागीं परिचारिकांसाठीं म्हणून निराळें लष्करी पदक आपण काढलें नाहीं. १९६० च्या प्रजासत्ताकदिनीं 'विशिष्ट सेवा पदक' तीन वर्गांत निघालें, आणि १९६७ पासून त्यांना परम विशिष्ट, अति विशिष्ट व विशिष्ट सेवा पदक अशीं नांवें मिळालीं. तीं तिन्ही सैन्यदलांतील सर्वांसाठीं आहेत. तोफखान्याचा सेनापति आणि इस्पितळांतील मेट्रन यांना एकच माप. १९७६ सालीं परिचारिकांच्या प्रमुख गर्ट्रूड अॅलिस राम या मेजर जनरल झाल्या. आपल्या सैन्यांत त्या पदाला पोंचलेली ती पहिली स्त्री, आणि ती परिचारिका होती. त्यांनाही परम विशिष्ट सेवा पदक मिळालें. योगायोग असा कीं त्याच १९७६ सालीं इंग्लंडांत रॉयल रेड क्रॉस पुरुष परिचारकांनाही देण्यास मोकळा झाला. नव्वदावर वर्षें केवळ स्त्रियांचा असलेला हा मान, तिकडे अधिकार वांटला गेल्यावर इकडे वांटला गेला.

आतां माझ्या विद्यार्थिनीची गोष्ट. पस्तीसएक वर्षांपूर्वीं एक गृहस्थ माझ्या घरीं आले. मुलगी हुशार होती. पुण्यास लष्करी इस्पितळांत परिचर्येच्या शिक्षणासाठीं तिची निवड झाली होती. पाठवूं कीं नको, हें विचारावयास ते आले होते. मीं क्षणाचाही विलंब न लावतां सांगितलें, "तिला अध्यापिका करा. परक्या पुरुषांच्या अंगाला हात लावण्याचें काम आपल्या घरांतल्या मुलींचें नव्हे." ज्या तोंडानें मीं नाइटिंगेलचा धडा दरवर्षीं वाचून दाखविला, त्याच तोंडानें हें बोललों. मुलीनें हट्ट धरला आणि ती गेली. मला त्याचा विसर पडला.

कांहीं वर्षांमागें आमच्या शाळेच्या वर्धापनदिनाला पाहुणी म्हणून तिला बोलाविलें. ती गणवेषांत आली. छातीवर रंगीत फितींच्या दोन ओळी होत्या. परिचय करून देण्याचें काम माझ्याकडे होतें, म्हणून व्यासपीठाच्या मागें मीं तिला एकेका फितीचा अर्थ विचारला. ती सांगूं लागली, "गुरुजी, ही नऊ वर्षांच्या नोकरीची. ही वीस वर्षांची. ही बर्फाच्या मुलुखांतल्या नेमणुकीची."

"आणि शौर्याची कोणती?"

ती हंसली. म्हणाली, "शौर्य करून झालेली माणसं आमच्याकडे येतात, गुरुजी. आम्ही रात्रपाळी करतो."

मीं तें कागदावर लिहून घेतलें. मग तिनें वांकून नमस्कार केला, आणि उठतां उठतां हळूच म्हणाली, "तुम्ही तेव्हां बाबांना काय म्हणाला होतात, तें त्यांनी मला सांगितलं होतं." तिच्या बोलण्यांत राग नव्हता. मला कांहीं उत्तर सुचलें नाहीं. इतक्यांत पडद्यापलीकडून मुलांनीं स्वागताचें गीत सुरू केलें. व्यासपीठावर गेल्यावर मीं तिच्या पदांची लिहून आणलेली यादी बाजूला ठेवली आणि तिच्या वडिलांना मीं दिलेला सल्ला जसाच्या तसा मुलांना सांगितला. सभागृहांत मागच्या बांकांवर मुली बसल्या होत्या. त्यांतल्या दोघी-तिघी कार्यक्रमानंतर तिच्याभोंवतीं जमून बराच वेळ कांहीं विचारीत होत्या. ती मात्र घड्याळ पाहत होती. दुसऱ्या रात्रीं तिची पाळी होती, आणि तिला संध्याकाळची गाडी गांठावयाची होती.